दोघं एकत्रच

आमच्या बाबांच्या लहानपणी मांजर पिशवीतून यायचं. गुहागरजवळच्या त्यांच्या गावात भाताच्या कणगीला उंदीर लागले, की त्यांची आजी शेजारच्या वाडीत जायची आणि कुणाची भाटी व्यालेली असली तर एक पिल्लू मागून आणायची. आणताना पिशवीचं तोंड दोरीने बांधायचं, कारण वाट दिसली तर मांजर पहिल्या घरी परत जातं. घरी आलं की चुलीपाशी सोडायचं, पुढ्यात दूधभात ठेवायचा. एवढाच विधी. त्यामुळे जुलैत मी बाबांना सांगितलं की मांजरासाठी अर्ज भरलाय आणि रविवारी भेटायला बोलावलंय, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"भेटायला कोणी? आपण मांजराला, की त्यांनी आपल्याला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

बाबा आता पुण्यात आमच्याकडे असतात, सिंहगड रोडला, चौथ्या मजल्यावर. आम्ही दोघं नोकरीवाले, लेक नववीत. एकच मांजर, तेही शांत, असं आमचं ठरलं होतं. दिवसभर बाबांना सोबत होईल, फार पळापळ नको. मैत्रिणीने मला एका पिल्लाचा फोटो पाठवला. केशरी, शेपूट झुपकेदार, टोपलीतून बाहेर डोकावणारं. मी त्याच दुपारी फोन केला आणि म्हटलं, "तो केशरी आम्हाला हवाय."

"ताई, ते दोघं आहेत. भाऊबहीण. दोघं एकत्रच द्यायचे आहेत."

तो फोटो मी पुन्हा उघडून नीट पाहिला. टोपलीत केशरी पिल्लाच्या मागे एक काळपट, पिवळे डाग सांडल्यासारखं तोंड होतं. मला ते आधी दिसलंच नव्हतं.

फोनवरची मुलगी कर्वेनगरला राहणारी, पंचविशीतली. नोकरी सांभाळून घरी पिल्लं वाढवते आणि चांगली घरं शोधून देते. आमची लेक तिला मांजरताई म्हणते, मीही इथे तेच नाव वापरते. दोन दिवस विचार करून मी तिला पुन्हा फोन केला आणि एकच देता येईल का, असं विचारलं. दोन बेडरूमचं घर, दुप्पट खर्च, आम्हाला सवय नाही, सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आधी येऊन बघा. नाही म्हणालात तरी चालेल. पण न बघता ठरवू नका."

पिल्लं कशी सापडली ते तिने आम्हाला चहा देताना सांगितलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका बेकरीच्या मागच्या पत्र्याच्या आडोशाला, भट्टीच्या उबदार भिंतीशी ही दोन पिल्लं होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ताईनेही आधी तेच धरलं, की आई एकेक पिल्लू हलवत असेल, ही दोन न्यायची राहिली असतील. अशा वेळी पिल्लं घाईने उचलणं ही मोठी चूक असते, आई परत येते आणि तिला जागा रिकामी मिळते. म्हणून ती दुपारभर लांब उभी राहिली. रात्री बेकरीवाल्याकडून मूठभर मैदा मागून घेतला आणि पिल्लांभोवती गोल भुरभुरवला. आई आली तर पावलं उठतील. सकाळी सहाला जाऊन पाहिलं, मैदा जसाच्या तसा. पिल्लं ओरडून ओरडून गप्प झाली होती. मग तिने उचलली.

डोळे उघडलेले पण अजून निळे, पुढचे दात नुकते वर आलेले. म्हणजे तीन आठवड्यांची असावीत. दर चार तासांनी बाटलीने पिल्लांचं खास दूध पाजायचं, गाईचं नाही. एवढ्या लहान पिल्लांना आपलं आपण शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा ती होते, म्हणून ओल्या कापसाने हलकेच पुसायचं. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम तरी वाढायला हवं. बेकरीमागे मिळाली म्हणून नावं खारी आणि बटर. बटर बोका, खारी भाटी.

बटरचे केस लांब का, असं लेकीने विचारलं. पर्शियनचा अंश असणार, ताई म्हणाली. मला वाटलं बाप तसा असेल. तिने दुरुस्त केलं. लांब केसांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. म्हणजे त्या बेकरीमागच्या गावठी भाटीच्याही घराण्यात कधीतरी कुठला पाळीव पर्शियन शिरला असणार. शहरात हौसेने आणून नंतर सोडून दिलेल्या मांजरांचं रक्त असं गल्लीगल्लीत उतरतं. खारीचे केस आखूड, पण अंगावर काळा आणि केशरी असा मिसळलेला रंग. ते दोन रंग एका अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून अशा रंगाची मांजरं जवळजवळ नेहमी माद्याच असतात. लेकीला हे इतकं आवडलं की तिने ते शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं.

मला मात्र पटलं ते एका कागदामुळे. ताईने वजनांचा तक्ता भिंतीला चिकटवला होता. डाव्या रकान्यात बटर, उजव्यात खारी. सहा आठवड्यांची असताना बटरला सर्दी झाली, डोळे चिकटले. संसर्ग नको म्हणून तिने त्याला पाच दिवस बाथरूममध्ये वेगळं ठेवलं. त्या पाच दिवसांत आजारी बटरचं वजन थोडं तरी वाढलं होतं. खारी मात्र ठणठणीत असून ६१० वर थांबली होती. ६१०, ६१०, ६०५, ६१०, ६१०. "ती बाथरूमच्या दाराशी बसून राहायची," ताई म्हणाली. "वाटी तिथे नेली तर निम्मं खायची." सहाव्या दिवशी दार उघडलं, त्यापुढचा आकडा ६४० होता.

"सगळी भावंडं अशी नसतात हं," ती म्हणाली. "मी कितीतरी पिल्लं एकेकटी दिलीत, मजेत आहेत. पण हे दोघं नाहीत तशी. आत्तापर्यंत तीन घरांनी विचारलं. तिघांनाही फक्त बटर हवा होता. हिचा रंग मळकट दिसतो म्हणतात."

मी चौथी होते. तिने तसं म्हटलं नाही, पण मला ते फार लागलं. खारी तेव्हा बाबांच्या चपलेत झोपली होती आणि बटर तिच्या पाठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होता. परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही. घरी पोचल्यावर बाबाच म्हणाले, "दोन आणा. एकट्या जनावराचे हाल होतात." आमच्या वाड्यात बैलसुद्धा जोडीतला एक गेला की दुसरा गोठ्यात मान टाकून उभा राहायचा, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याने खर्चाचा हिशेब मांडला आणि हो म्हणाला.

मग अर्जाचं दुसरं पान आलं. घर स्वतःचं की भाड्याचं, कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, गावाला गेलात तर कोण बघेल, वयात आल्यावर नसबंदीचं ऑपरेशन करणार का. एक प्रश्न असा होता की शहर बदलावं लागलं तर मांजरांचं काय करणार. नवऱ्याची बदलीची नोकरी आहे. सगळे प्रश्न दहा मिनिटांत झाले, या एकाला दोन दिवस लागले. सोबत न्यायचं म्हणजे रेल्वेत कसं, नव्या गावात घरमालक कसा, हे आम्ही खरोखर बसून बोललो. पाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. लेक तेव्हा तिशीला आलेली असेल. बाबा काही बोलले नाहीत, पण तो आकडा ऐकून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, ते मला दिसलं.

सोसायटीचं काम सोपं निघालं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि आमच्या सेक्रेटरींना हे माहीत होतं.

जाळीने मात्र तीन आठवडे खाल्ले. ताई घर बघायला आली ती थेट गॅलरीत गेली. आमच्याकडे सगळ्या पुण्यात असते तशी नायलॉनची कबूतरजाळी होती. तिने दोन बोटं घालून एक चौकोन ताणला आणि म्हणाली, "हे तासाभरात कुरतडतील." मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज किती जीव घेतो ते तिने सांगितलं, तिच्या ओळखीत पाचव्या मजल्यावरून कबुतराच्या मागे उडी मारलेलं मांजर होतं. कबुतर हलल्यावर मांजराला मजला आठवत नाही. शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून गॅलरीला आणि दोन खिडक्यांना वेल्डमेशच्या, म्हणजे पक्क्या तारेच्या जाळीच्या, चौकटी करून घेतल्या. साडेआठ हजार लागले. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च तोच, आणि तो पिल्लं येण्याआधी झाला पाहिजे, नंतर नाही. कुणी मला विचारलं तर मी पहिली ही गोष्ट सांगते.

ऑगस्टच्या मध्यावर एका शनिवारी ती आली. अकरा आठवड्यांची, बटर ९८० ग्रॅम आणि खारी ८६०. ताईने एक पैसा घेतला नाही. साध्या कागदावर करार केला: मांजरं घरातच राहतील, दोघांचं ऑपरेशन करू, जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता किंवा परस्पर कुणाला न देता तिला कळवू. खाली माझी सही, आधारची झेरॉक्स. पहिल्या लसीचं कार्ड, आठवडाभर पुरेल इतकं तेच खाणं, आणि त्यांच्या टोपलीतली जुनी चादर. ती चादर धुवायची नाही, असं तिने दोनदा बजावलं.

बाबा पिशवीची आठवण काढून म्हणाले, "यांना वाट दिसली तर?" मी म्हटलं, दिसू दे. कॅरियरच्या जाळीतून बटर पूर्ण म्हात्रे पुलावर ओरडत होता. खारीने डोकं त्याच्या पोटाखाली घातलं होतं.

पहिले पाच दिवस लेकीच्या खोलीत, फक्त तिथेच. पूर्ण घर एकदम दिलं तर पिल्लं भेदरतात आणि सापडणार नाहीत अशा फटीत जाऊन बसतात. लेक जमिनीवर बसून हळू आवाजात इतिहासाचं पुस्तक वाचायची, त्यांना माणसाचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. पहिल्या दिवशी दोघं पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी बटर बाहेर आला, पुस्तकाचा कोपरा हुंगला, परत गेला, आणि परत आला तो खारीला घेऊन. तो नेहमी पुढे आणि ती मागे, असं आम्ही तेव्हा समजलो. आठवड्यात कळलं की फक्त अनोळखी ठिकाणी तो पुढे असतो. उंच जागी, कपाटावर, पडद्याच्या रॉडवर, पहिली खारी.

आणि ताकद! शांत मांजराची आमची कल्पना पहिल्याच आठवड्यात गेली. पिल्लं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतात, पण उरलेल्या तासांत सगळं घर घेतात. पहाटे साडेचारला लेकीच्या खोलीतून गॅलरीपर्यंत घोडे धावल्यासारखा आवाज. एक सोफ्याच्या पाठीवरून, एक खालून, वळणावर फरशीवरून घसरत, पडद्यावर चढून मध्येच लटकत. देवघरातली घंटा पाडली. हारातला दोरा ओढून नेला; तो मी धावत जाऊन काढला, कारण गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात अडकतो. तेव्हापासून हार रात्रीच काढून डब्यात ठेवतो. पहाट आणि संध्याकाळ हीच त्यांची शिकारीची वेळ, ती बदलत नाही. आम्ही आमची संध्याकाळ बदलली. रात्री नऊला काठीला बांधलेल्या फडक्यामागे त्यांना दमेपर्यंत पळवायचं आणि मग लगेच जेवण द्यायचं. पकडणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं, हा त्यांचा क्रम सांभाळला की साडेचारचे साडेपाच होतात. साडेपाचला बाबा उठलेलेच असतात.

दूध हा आमच्या घरातला पहिला आणि शेवटचा वाद. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबांनी बशीत दूध ठेवलं आणि दोघं दोन दिवस पातळ शी करत राहिली. मी जरा जोरात बोलले. बाबा गप्प झाले. मला नंतर फार वाईट वाटलं, कारण त्यांनी मायेनेच दिलं होतं आणि त्यांच्या साऱ्या आयुष्यात मांजराला दूध हीच माया होती. डॉक्टरांनी त्यांना छान समजावून सांगितलं. पिल्लू मोठं होताना दूध पचवायची ताकद कमी होत जाते. कोकणातलं मांजर दूधभातावर जगत नव्हतं, ते उंदरावर आणि मासळीच्या डोक्यांवर जगत होतं, दूधभात वरचा होता. मांजराला मांसातून टॉरिन नावाचा घटक मिळावाच लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय जातं. बाबांना उंदराचं पटलं. "म्हणजे आमच्या आजीचं बरोबरच होतं," ते म्हणाले, "तिने मांजर उंदरासाठीच आणलं होतं." आता दुपारचं उकडलेलं चिकन बाबा देतात, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच.

एकदा मात्र माझे हातपाय गळाले. बाबांची पॅरासिटामॉलची गोळी खाली पडली होती आणि बटर ती पंजाने फरशीवर घरंगळवत खेळत होता. आपण तापासाठी सहज घेतो ती एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, त्यांच्या यकृताला ती पेलत नाही. गोळी अख्खी सापडली, कुठेही चावलेली नव्हती. तरी मी डॉक्टरांना फोन करून खात्री केली. बाबांचा औषधांचा डबा त्या दिवसापासून फ्रिजवर, झाकण लावून.

दुसरी लस बारा आठवड्यांना झाली, मग रेबीजची. पुणे महापालिकेने कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली आहे, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, म्हणून ते कार्ड मी जपून ठेवलंय.

दोन पिल्लं म्हणजे दुप्पट काम, असं मला वाटलं होतं. खाणं दुप्पट लागतं हे खरं. शी-शूसाठी माती भरलेले ट्रे दोन मांजरांना तीन ठेवावे लागतात, ते रोज दोनदा साफ करावे लागतात. पण जे शिकवायचं ते आम्हाला शिकवावं लागलं नाही. माझ्या आतेभावाकडचं एकटं वाढलेलं मांजर हात दिसला की चावायचं. ते खेळायलाच यायचं, पण किती जोराने चावायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे खारीने बटरला ते सांगितलं. त्याने मानेला जास्त जोर लावला की ती किंचाळायची आणि उठून निघून जायची. खेळ बंद. तो दोन मिनिटं बसून राहायचा आणि मग हळूच पंजा पुढे करायचा. महिन्याभरात त्याने आमच्यापैकी कुणाला नख लावायचं सोडलं. त्यांच्या मारामाऱ्या बघून सुरुवातीला आम्ही मध्ये पडायचो. मग ओळखायला शिकलो. आळीपाळीने वर-खाली होत असतील, कान ताठ असतील, आवाज नसेल, तर खेळ आहे.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलताशांचा सराव सुरू झाला, तेव्हा खारी वॉशिंग मशीनच्या मागे गेली. बटरला ढोलाची भीती नव्हती, तरी तो तिच्याजवळ जाऊन बसला, जेवणाच्या वेळीही आला नाही. आम्ही वाट्या तिकडे नेल्या. दिवाळीतही तसंच. तोवर मला त्या वजनाच्या तक्त्याची रोज आठवण होऊ लागली होती.

नोव्हेंबरात ऑपरेशन ठरलं. दोघं साडेपाच महिन्यांची झाली होती. भाटी चार-पाच महिन्यांतही माजावर येऊ शकते, आणि जनावरात भाऊबहीण हे नातं आड येत नाही. दोघांचं एकाच दिवशी करायचं होतं, पण त्या सकाळी बटर शिंकत होता. पिल्लूपणीची सर्दी तशीच अंगात दबून राहते आणि मधूनच डोकं वर काढते. डॉक्टर म्हणाले, सर्दीत भूल देणार नाही, त्याला दोन आठवड्यांनी आणा. म्हणून खारी एकटी गेली. जन्मल्यापासून दुसऱ्यांदा ती दोघं वेगळी होत होती.

संध्याकाळी तिला आणलं. पोटाला सुती सूट, डोळे अर्धवट, पाय जरा लटपटत. मी कॅरियर हॉलमध्ये ठेवून दार उघडलं. बटर दिवसभर दाराशी बसला होता, तो धावत आला. नाक पुढे केलं. आणि त्याच्या शेपटीचा ब्रश झाला, पाठ वर गेली, तो फिस्कारला. मी त्याला कधी फिस्कारताना पाहिलं नव्हतं. खारी तरीही त्याच्याकडे गेली, नेहमीसारखं कपाळ पुढे करून. त्याने तिच्या तोंडावर पंजा मारला. ती तिथेच थांबली, मग वळून दिवाणाखाली गेली, टाके पडलेल्या पोटाने घासत घासत.

लेक रडायला लागली. मीही. ज्यांना वेगळं करायचं नाही म्हणून दोघं आणली, त्यांना आपणच तोडलं, असं मला वाटलं. रात्री नऊला मांजरताईला फोन केला.

ती शांतपणे म्हणाली, "तो तिच्यावर रागावलेला नाही. तो तिला ओळखतच नाहीये." मांजर आधी वासाने ओळखतं. तिच्या अंगाला स्पिरिट, भूल, दवाखान्यातली कुत्री, सगळ्यांचे वास होते. स्वतःचा आणि बटरचा, तो दोघांचा मिळून एक झालेला वास गेला होता. तिचं रूप घेऊन कुणीतरी परकं आलंय, एवढंच त्याला कळत होतं. वेगळ्या खोल्यांत ठेवा, ती म्हणाली, आंघोळ घालू नका, जबरदस्तीने समोर आणू नका. त्याच्या अंगाखालचं फडकं तिच्या गालावरून, पाठीवरून फिरवा, तिचं त्याच्या. जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना द्या.

बाबा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, गाय सुद्धा वासराला चाटल्याशिवाय आपलं म्हणत नाही. मग त्यांनी कपाटाच्या तळातून ती जुनी चादर काढून आणली, ताईच्या घरची, जी आम्ही अजूनही धुतली नव्हती. तिचे दोन तुकडे केले. एक खारीच्या टोपलीत, एक बटरच्या.

पहिला दिवस काही नाही. बटर दाराशी यायचा, हुंगायचा आणि गुरगुरत मागे फिरायचा. खारी खायला मागत नव्हती, लेकीने बोटाने चाटवलं. मी तिचं वजन केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दाराच्या दोन बाजूंना वाट्या संपवल्या आणि बटर उठून गेला नाही. तो तिथेच आडवा झाला, फटीत नाक खुपसून. दुपारी खालच्या फटीतून काळा-केशरी पंजा बाहेर आला. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग स्वतःचा पंजा त्यावर ठेवला, नखं आत घेऊन.

चौथ्या दिवशी दार वीतभर उघडलं. फिस्कारणं नाही. पाचव्या रात्री खारी टोपलीत झोपली असताना तो जवळ गेला, शेपटीपासून मानेपर्यंत हळूहळू तिला हुंगत. पोटाच्या सुटापाशी थांबला, पुन्हा हुंगलं. आणि मग तिचा कान चाटायला लागला. एक कान, मग दुसरा, मग कपाळ, डोळ्यांच्या कडा. तिने डोळे उघडले नाहीत, पण तिची घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती. आम्ही चौघं अंधारात पॅसेजमध्ये उभे होतो.

बटरची वेळ आली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. खारीचे टाके दाखवायचे होतेच, ती तारीख त्याच दिवशी मागून घेतली आणि दोघांना बरोबर नेलं, दोन कॅरियरमध्ये. तो आत असताना ती बाहेर माझ्या मांडीवरच्या कॅरियरमध्ये, त्याच दवाखान्याच्या वासात. दुपारी दोघांना घेऊन घरी आलो. कॅरियर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीची दारं एकदम उघडली.

बटर गुंगीत होता, उठला नाही. खारी बाहेर आली, आळस दिला, त्याच्या दारातून आत डोकं घातलं. मी श्वास धरून होते. तिने त्याचं तोंड हुंगलं आणि सरळ आत शिरली. कॅरियर एका मांजराच्या मापाचा. ती त्याच्या पाठीशी कशीबशी मुटकुळं करून बसली, तिचा एक मागचा पाय बाहेरच राहिला.

सवयीने मी दार लोटायला वाकले.

"राहू दे उघडं," बाबा म्हणाले.